घुमटाखालची टाळी

कुठल्याही खोलीत शिरले की मास्तर आधी एक टाळी वाजवायचे. नमस्कार नंतर, चहापाणी नंतर. एकच टाळी, तळहात जरा खोलगट करून; मग मान डावीकडे कलती आणि डोळे मिटलेले. आवाज कुठे कुठे आपटून येतो ते ऐकून झालं की डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "हां. बोला आता." लग्नघर असो, पोस्ट ऑफिस असो, त्यांना फरक नाही. मयताच्या घरी मात्र मी आधीच त्यांचा हात धरून ठेवायची.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. एखाद्याला दुसऱ्याची नाडी बघायची खोड असते, एखादा परक्या घरात जाऊन भिंतीचे पोपडे मोजतो. मास्तरांना खोलीचा आवाज लागायचा. परळच्या आमच्या शाळेत ते गायनाचे मास्तर आणि मी भूगोलाची बाई. राहायला दोघंही लालबागला, एकाच चाळीत. ते नि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर. शाळेत जाताना बरोबर, येताना बरोबर, आणि सबंध रस्ताभर भांडण. माझं तोंड तेव्हाही तिखट होतं. आता वयानं कमी झालंय असं कोणी म्हणत नाही.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं. गाणं सांगून झालं की टाचा उंचावून शेवटच्या बाकाकडे बघायचे. "मागे पोचलं का?" पुढची पोरं ओरडायची, "हो मास्तर!" ते हात झटकायचे. "तुम्हांला कोण विचारतंय? पुढे बसणाऱ्याला सगळंच पोचतं. मागे पोचलं का?"

आमच्या नाक्यावर रामाचं देऊळ आहे. तेव्हा नुकतंच नवं झालं होतं. पूर्वी सभामंडपावर पत्रे होते. मग लोकांनी वर्गणी काढली, गिरणीतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी घमेली उचलली आणि पत्र्यांच्या जागी सिमेंटचा चांगला गरगरीत घुमट उभा राहिला. आम्ही सगळे माना वर करकरून बघायचो. पहिलं कीर्तन झालं तेव्हा कळलं, काय करून बसलोय ते. बुवांनी एक शब्द टाकला की घुमट त्याचे दहा करून खाली फेकायचा. त्यात टाळ, त्यात मृदंग. पुढच्या पुरुषांना निदान बुवांचे हातवारे दिसायचे. आम्ही बायका रिवाजाप्रमाणे पार मागे, खांबांच्या पलीकडे. आमच्या वाट्याला नुसता कालवा.

देवळाचे अध्यक्ष म्हणजे गिरणीतले रिटायर झालेले मुकादम. माणूस प्रेमळ, पण ऐकायचा नाही. ते म्हणाले, "नवीन घुमट आहे, बसेल आवाज हळूहळू."

मास्तर भडकले. "मुकादम, तो घुमट आहे. चप्पल नव्हे, वापरून सैल व्हायला!"

तोवर हे सगळं गमतीवारी होतं. मग चळवळीचं ते वर्ष आलं. तुम्हांपैकी ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना मी काय सांगू? सकाळी माणूस घराबाहेर पडला की संध्याकाळी त्याची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत बायकांच्या जिवात जीव नसायचा. मास्तरांचा एकुलता एक मुलगा गिरणीत कारकून होता. मोर्चाबरोबर फोर्टात गेला. गोळीबार झाला, त्यात गेला. बातमी आली तेव्हा मास्तर शाळेत प्रार्थनेची पेटी पुसत होते. त्यांनी फडकं घडी करून पेटीवर ठेवलं आणि मला म्हणाले, "बाई, घरी चला. काकूंना तुम्ही सांगा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

महिन्यानं देवळात कीर्तन ठेवलं, आपल्या भागातली जी पोरं गेली त्यांच्यासाठी. शेवटी बुवा एकेकाचं नाव घेणार होते. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या, मागे. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, कान पुढे. बुवांनी नावं घेतली. घुमट नुसता घोंगावला. लोकांनी हात जोडले, आरती सुरू झाली, तरी काकू तशाच पुढे वाकलेल्या.

"तेचा नाव घेतल्यानी काय गो?" त्यांनी मला विचारलं.

"घेतलं असेल काकू. मलाही नाही कळलं."

काकू उठल्या. आरतीला थांबल्या नाहीत. घरी येऊन मास्तरांसमोर उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गोळयेन माझो झील खाल्ल्यान, नि तुमच्या घुमटान तेचा नाव." मग आत जाऊन चुलीपाशी बसल्या. मास्तर उंबऱ्यातच उभे. मी तिथून पाय काढता घेतला, पण जिन्यात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मास्तर म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा कीर्तन होईल. तेव्हा नाव मागे पोचलं पाहिजे. एवढं एक झालं की मी सुटलो."

मी म्हटलं, "पोचवू."

एक गोष्ट तेव्हापासून माझ्या लक्षात आली. मास्तर स्वतः मुलाचं नाव घेत नव्हते. "तो" म्हणायचे, "आमचा" म्हणायचे. नाव तोंडापर्यंत यायचं आणि ते आवंढा गिळायचे. मी विषय बदलायची.

पहिला उपाय त्यांना दादरच्या कोणा ओळखीच्यानं सांगितला: घुमटात आडव्या-उभ्या तारा ओढा, तारांवर आवाज कापला जातो. मास्तरांनी पेटी-तंबोऱ्याच्या दुकानातून तारांची भेंडोळी आणली. बांबू बांधले, पोरं वर चढवली, घुमटाच्या तळाशी तारांचं जाळं विणलं. मग खाली मधोमध उभं राहून टाळी. घुमट पूर्वीसारखाच खदखदला. तारांनी आवाजाचं काही वाकडं केलं नाही. पारव्यांची मात्र बसायची सोय झाली. अध्यक्षांच्या कोटावर त्याचा पुरावा पडला तेव्हा तारा उतरवल्या.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"एक वाट बंद झाली. बाकीच्या उघड्या आहेत," मास्तर म्हणाले. पण त्या दिवशी रस्ताभर भांडले नाहीत. मला ते आवडलं नाही.

खरी वाट सापडली हिंदमाताला. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कापड घ्यायचं होतं, म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. दुकान केवढं थोरलं, आणि जमिनीपासून छतापर्यंत ठाण नि लुगडी. मास्तरांनी सवयीनं टाळी वाजवली. मान कलती केली. डोळे मिटले, आणि ते खाडकन् उघडले.

"मेली!"

गल्ल्यावरचा शेठ घाबरून उठला. "काय झाला मास्तर? कोण मेली?"

"टाळी मेली! वाजली तिथेच मेली! बाई, कापड! कापड आवाज पितं!" भर दुकानात ते पुन्हा पुन्हा टाळ्या पिटत होते. मी कापड न घेता त्यांना बाहेर ओढलं. गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती आणि मला कित्येक महिन्यांनी मनापासून हसू आलं होतं.

पण घुमट भरायला ठाण कुठून आणायचे? काकूच म्हणाल्या, "गोधडये हत ना घराघरात." आणि खरंच, लालबागला गोधड्यांना काय तोटा? जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालून शिवलेल्या, एकेक गोधडी लहान मुलाच्या वजनाची. घुमटाच्या कडेला उत्सवात हंड्या टांगायच्या कड्या होत्याच. त्यांतून काथ्याचे दोर ओवायचे, गोधडी वर चढवायची, दोराचं दुसरं टोक खाली खांबाला बांधायचं. हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली, निशाणासारखी.

आता गुरव आडवे आले. "वापरलेली लुगडी? बाळंतिणीखालची, आजाऱ्याखालची? देवाच्या डोक्यावर? मी देऊळ सोडून जातो, मग टांगा काय टांगायचं ते!"

अध्यक्षांनी गुरवांची बाजू घेतली. बैठकीत आवाज चढले. मास्तर लालबुंद झाले. "देव गाभाऱ्यात आहे. त्याच्या डोक्यावर त्याचं शिखर आहे. घुमट आमच्या डोक्यावर आहे, आणि आमच्या डोक्यावर आमच्याच बायकांची लुगडी असली तर कुठे बिघडलं? त्यांच्याच पदराखाली वाढलात ना सगळे?"

शेवटी तोड निघाली: प्रत्येक गोधडी धुऊन, गोमूत्र शिंपडून द्यायची, आणि मयताच्या अंथरुणातली असता कामा नये. गुरवांनी प्रत्येक घराकडून तसं वदवून घ्यायचं ठरवलं.

मी काकूंकडे त्यांची गोधडी आणायला गेले. त्यांनी ट्रंकेतून काढली. निळ्या काठाची, कोपऱ्यात तांबडं ठिगळ. ती कोणाची ते मी ओळखलं. गर्मीच्या दिवसांत तो पोरगा हीच गोधडी घेऊन वर आमच्या गॅलरीत झोपायचा. मी सकाळी त्याच्या पायांवरून उडी मारून पाणी भरायला जायची. माणूस गेल्यावर अंथरूण टाकून देतात. काकूंनी ते टाकलं नव्हतं.

"गुरव विचारतील, काकू."

"इचारूंदे. तो घरात मेलो नाय. हेच्यावर मेलो नाय." आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "तिका वर बांधा. तेचा नाव तेच्याच गोधडयेक आधी आयकाक येवंदे."

आता मी काय करणार होते? बाकीच्या गोधड्यांत घालून दिली. गुरवांनी काकूंना विचारलंच नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून खाली मान घातली आणि गोमूत्र शिंपडलं. मास्तरांनी ती बायकांच्या बाजूला, डावीकडे चढवली. ओळखली का ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

मग आमची परीक्षा सुरू झाली. शाळा सुटली की देऊळ रिकामं असतानाच आम्ही जायचो. मास्तर बुवांच्या जागी उभे, मी पार मागे बायकांच्या जागेवर. "बाई, तुम्ही माझा कान," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते एकेक शब्द टाकायचे, मला जे पोचेल ते मी ओरडून परत सांगायचं. अभंगाची ओळ चालत नाही, ती पाठ असते, कान फसवतो. म्हणून भायखळ्याची भाजी.

"भेंडी!"

"भेंडी!"

"पडवळ!"

"काय? वळवळ?"

"नाही पोचलं! उजवीकडे अजून एक चढवा रे!"

आठवड्यांमागून आठवडे आम्ही त्या घुमटाखाली भाजीबाजार भरवला. लोक हसायचे. हळूहळू पडवळ पडवळासारखं पोचू लागलं, गवार गवारीसारखी. एके दिवशी सगळी भाजी एकही न चुकता पोचली तेव्हा मास्तर खांबाला टेकून खाली बसले. मी पुढे गेले तर डोळे पुसत होते. मी म्हटलं, "मास्तर, आता एकदा त्याचं नाव घेऊन बघू या ना. तेच पोचवायचंय."

त्यांनी मान हलवली. "ते बुवा घेतील."

दिवस जवळ आला तशी हवा पुन्हा तापली. जमावबंदी लागली. लाउडस्पीकरला परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. अध्यक्ष दिवसातून दहा वेळा येऊन तेच म्हणायचे, "सभेला बंदी आहे, कीर्तनाला नाही. पण कीर्तन कुठे संपतं नि सभा कुठे सुरू होते, हे पोलिसांना कोण समजावणार? देवळाला कुलूप ठोकतील हो!" खरंही होतं. हे बुवा रामाचं आख्यान लावून मुंबईचं दुःख सांगण्यात पटाईत होते.

त्या संध्याकाळी नाक्यावर पोलिसांची लॉरी उभी होती. तरी माणसं आली. एकेकटी, दुकटी, जशी रोज दर्शनाला येतात तशी, आणि आत येऊन बसली. सभामंडप भरला, ओटा भरला, मागे बायका एकमेकींच्या गुडघ्यावर बसल्या. थंडीचे दिवस, ज्याच्या त्याच्या अंगावर शाल नाहीतर कांबळं. काकू माझ्या शेजारी. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

बुवा येईनात. वेळ उलटून गेली. मग एक कार्यकर्ता धापा टाकत आला आणि अध्यक्षांच्या कानाला लागला. बुवांना वाटेतच अडवून चौकीवर नेलं होतं. अध्यक्ष मध्ये उभे राहिले आणि तेच सांगू लागले. पुढच्यांना कळलं. आम्हांला मागे त्यांचे ओठ हललेले दिसले, बस्स. आवाज म्हणून आलाच नाही.

"काय झालं?" "पोलीस आले?" "आत शिरले म्हणे!" मागच्या मागे कुजबूज फुटली. बायका उठून उभ्या राहिल्या. कोणी पोर कडेवर घेतलं, कोणी दाराकडे वळली. बाहेर पडायचं दार एकच, आणि ते लॉरीच्या दिशेचं. एकदा का लोंढा दाराकडे सुटला असता तर आत चेंगराचेंगरी आणि बाहेर लाठ्या.

मास्तर पुढे आले. टाळी वाजवली. मला हात दिसले, आवाज जेमतेम. त्यांची मान कलली आणि मी त्यांचा चेहरा पडताना पाहिला. अहो, आम्ही सगळी परीक्षा रिकाम्या देवळात घेतली होती! गोधड्या आवाज पितात, तशी शालीतली माणसंही पितात. भरल्या देवळात गोधड्या जास्त झाल्या होत्या. इतकी साधी गोष्ट दोघांच्या डोक्यात आली नाही. दोघांनाही एकमेकांशी भांडायला वेळ होता, याला नव्हता.

"दोर सोडा!" त्यांनी खांबाजवळच्या पोरांना खूण केली. "उजवीकडच्या सगळ्या उतरवा! सगळ्या!" धपाधप गोधड्या लोकांच्या डोक्यांवर आल्या. पुरुषांनी त्या ओढून बाहेर ओट्यावर टाकल्या. डावीकडच्या खांबाशी एका पोरानं निळ्या काठाच्या गोधडीच्या दोराला हात घातला. काकू अर्ध्या उठल्या.

"ती रवांदे!" मास्तर गरजले. शाळेत कधी मालवणी न बोलणारा माणूस! "त्या दोराक हात लावू नको. ती रवांदे."

ओळखली होती त्यांनी. पहिल्या दिवसापासून ओळखली होती.

दुसरी टाळी वाजली. ती मागे पोचली, स्वच्छ. उभ्या राहिलेल्या बायका होत्या तिथे थांबल्या. मास्तरांनी मान सरळ केली, टाचा उंचावून आमच्याकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "भेंडी!"

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "भेंडी!"

"गवार!"

"गवार!"

कोणीतरी हसलं. मग सगळंच देऊळ हसलं. भीतीनं आवळलेली माणसं अशीच हसतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बायका खाली बसल्या. मास्तरांनी हात वर केला. "बुवांना चौकीवर नेलंय. आत कोणी आलेलं नाही. कोणी घाबरू नका. नावं घेऊ आणि शांतपणे घरी जाऊ."

दारात एक हवालदार येऊन उभा होता. त्यानं टोपी काढली नाही, पण आतही आला नाही.

मास्तरांनी नावं घ्यायला सुरुवात केली. सावकाश, एकेक अक्षर उच्चारत, वर्गात गाणं सांगावं तसं. प्रत्येक नाव आमच्यापर्यंत आलं. मागे कोणाची तरी बहीण हुंदकली, कोणाच्या तरी आईनं जमिनीवर डोकं टेकलं. मग फक्त एक नाव उरलं. मास्तर थांबले. लोक वाट बघत होते. मला वाटलं, आता हे खाली बसणार. मला ओरडावंसं वाटत होतं, घ्या हो, घ्या!

"सदानंद," मास्तर म्हणाले.

मी कान होते. परत सांगायचं काम माझं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत माझ्या शेजारून आवाज आला. काकू. बसल्या जागेवरून, चांगल्या खणखणीत. "सदानंद!"

मग सगळ्या बायका म्हणाल्या. मग पुरुष. घुमटानं ते नाव एकदाच घेतलं, नि सोडलं. मास्तर मात्र दोन्ही हात जोडून तसेच उभे होते. हवालदार वळला आणि लॉरीकडे गेला.

त्यानंतर मास्तरांनी त्या देवळात टाळी वाजवली नाही. यायचे, नमस्कार करायचे, जायचे. रस्त्यात भांडण पूर्ववत सुरू झालं आणि मुलाचं नावही सुरू झालं. "आमच्या सदानंदाला पडवळ आवडायचं नाही," असं ते एकदा मधेच म्हणाले तेव्हा मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

महाराष्ट्र झाला. काही वर्षांनी मास्तर गेले, झोपेतच. देवळात शोकसभा झाली. आता बंदी नव्हती, लाउडस्पीकरला कोणी अडवत नव्हतं. नवे अध्यक्ष हौशी होते, चार खांबांना चार कर्णे बांधले होते. गोधड्या कधीच घरोघर परत गेल्या होत्या. नव्या अध्यक्षांनी माइकवर मास्तरांचं नाव घेतलं आणि चारी कर्णे, त्यांच्यावर घुमट, सगळे एकदम ओरडले.

काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या, मागे. थकल्या होत्या, कानही मंद झाले होते. पुढे वाकून त्यांनी मला विचारलं, "घेतल्यानी काय गो तेंचा नाव?"

माझं डोकंच फिरलं. मी उठले. पुरुषांच्या मधून वाट काढत पुढे गेले, अध्यक्षांना म्हटलं, "ते आधी बंद करा." ते गडबडले, पण त्यांनी बंद केलं. मी मधोमध, मास्तर उभे राहायचे त्याच जागी उभी राहिले. तळहात खोलगट करून एक टाळी वाजवली. देऊळ खचाखच भरलेलं होतं, टाळ-मृदंग नव्हते. आवाज ठीक होता. मग मास्तरांचं नाव घेतलं, सावकाश, एकेक अक्षर, आणि टाचा उंचावून मागे बघितलं.

"काकू, मागे पोचलं का?"

खांबांच्या पलीकडून हात वर झाला.

"पोचला गो," काकू म्हणाल्या. "पोचला."